गाडी आली, पण कुणाच्या दारी?

२०२४ च्या वर्षावासातली गोष्ट आहे. विहारात रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले. वाचन आटोपले की आयाबाया पायरीवर घटकाभर बोलत बसत. त्या पावसाळ्यात फिरून फिरून एकच विषय निघे, कचऱ्याचा. विहाराच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली ढीग साचला होता. पावसाने तो भिजे, कुत्री तो ओढत पायरीपर्यंत आणत, आणि वंदनेला बसले की उदबत्तीपेक्षा त्याचाच वास आधी येई.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले, नगरपालिकेचे. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ही गत त्या एकट्या गावाची नाही. विहाराच्या मागे आमच्या चार गल्ल्या आहेत. समोरून सायकल आली तर एकाने ओट्यावर चढावे, एवढीच त्यांची रुंदी. घरोघरी बाया बिड्या वळतात, माणसे राईस मिलवर नाहीतर बांधकामावर जातात. घंटागाडी या गल्ल्यांत शिरू शकत नाही. ती कडुनिंबाखाली थांबे आणि गाडीवरचा पोरगा बादली घेऊन पायी आत येई. पोरगा आपल्याच समाजातला, ठेकेदाराकडे रोजंदारीवर. चार गल्ल्या फिरून यायला त्याला वीसेक मिनिटे लागत. म्हाताऱ्या बायांच्या दारातून तो स्वतः डबा उचलून नेई. पूर्वी गाडी चार दिवसांतून एकदा यायची हे खरे, पण आली म्हणजे कचरा जायचा.

मग गाड्यांना जीपीएसचे यंत्र बसले. आम्हांला मनापासून आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे. आता गाडी कुठे दडी मारून बसते ते कळेल, असे आम्हीच विहारात सांगितले. झालेही तसेच. गाडी रोज सकाळी येऊ लागली. पण गल्लीतला कचरा जायचा तो बंद झाला! गाडी कोपऱ्यावर येई, भोंग्यावरचे गाणे वाजवी आणि दोन मिनिटांत निघून जाई. तोवर कोण धावत पोहोचणार? ज्यांचे गुडघे चालतात ते पोहोचत. बाकीच्यांनी कडुनिंबाखाली टाकायला सुरुवात केली.

शेवटी आमच्या घरच्यांनी त्या पोराला गाठले. "काहून रे बाबू, आता गल्लीत येत नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "काकू, मी आत आलो का माहा रोज कापते जी. डब्बा सांगते, गाडी वीस मिनिटं उभी होती म्हणून."

डब्बा म्हणजे ते यंत्र. तीन वेळा त्याची मजुरी कापली गेली होती. गाडी रिकामी उभी, म्हणजे ड्रायव्हर चहा पीत बसला, असा हिशेब ठेकेदाराच्या माणसाने केला. पोरगा त्या वेळी आमच्या म्हाताऱ्या शेजारणीचा डबा उचलत होता. ते यंत्राला कसे दिसावे?

मंडळाने अर्ज दिला. उत्तर आले की गाडी आपल्या भागात दररोज येते, तशी नोंद यंत्रावर आहे. आम्ही चौघेजण कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने भलेपणाने पडदा दाखवला आणि म्हणाला, "बघा, यंत्र खोटे बोलत नाही." खरोखरच ते खोटे बोलत नव्हते. मुख्य रस्त्यावरून एक लाल रेघ येत होती, विहाराच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे जात होती. विहाराभोवती एक गोल आखलेला होता. त्या गोलाला गाडी लागली की आमच्या साऱ्या वस्तीपुढे हिरवी खूण पडे. आमच्या चार गल्ल्या त्या गोलातच होत्या, पण त्यांच्यावर ना रेघ होती ना थांबा. निवडणुकीत मतदाराची चिठ्ठी घर क्रमांकासह याच गल्ल्यांत बिनचूक येते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हे यंत्र चालते कसे, ते आम्ही नंतर समजून घेतले. पुष्कळांना वाटते की उपग्रह वरून आपल्याला पाहतो. तसे नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून ते उपग्रह फक्त स्वतःची जागा आणि वेळ सांगत फिरत असतात. निदान चार उपग्रहांचा संदेश मिळाला की गाडीतला डबा आपली जागा हिशेबाने काढतो, आणि मोबाईलसारखे जे सिमकार्ड त्यात असते त्यावरून ती कार्यालयाला कळवतो. उघड्या रस्त्यावरही यात काही मीटरचा फरक पडतो, दाटीच्या वस्तीत जास्त. आमच्या दोन गल्ल्यांमधले अंतर त्या फरकाएवढेच आहे. शिवाय डब्याला कळते ती गाडीची जागा. कचरा उचलला की नाही, कोण पायी चालले, कुणाचे दार राहिले, यातले काहीच त्याला कळत नाही. आणि कोणती गल्ली मोजायची हे तर माणसेच आधी ठरवून देतात. जी गल्ली यादीत घातलीच नाही, ती सुटली असे यंत्र कधी म्हणणार नाही. चारपैकी चार थांबे झाले, काम शंभर टक्के!

तो पडदा पाहून परतताना आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांना महाडची आठवण झाली. १९२४ साली महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले होते. कागदावर तळे खुले झाले, तरी आपल्या माणसाला ओंजळभर पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः चालत तळ्यावर गेले, आणि त्यानंतरही कोर्टातला कज्जा १९३७ पर्यंत चालला. आमचा कचऱ्याचा ढीग म्हणजे महाड नव्हे, हे आम्हांलाही कळते. पण नोंदीत आहे आणि दारात नाही, ही जात आपल्या ओळखीची आहे.

दुसरी गोष्ट त्या पोराच्या मजुरीची. शेजारच्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावरच जीपीएसची घड्याळे बांधली होती. २०२० च्या सुमारास तिथल्या कामगार भगिनींनी आपली धास्ती बोलून दाखवली. हे घड्याळ आपल्याला बघते, ऐकते की काय? ते बांधून बाईने मुतारीत जावे तरी कसे? साहेबाच्या मनगटावर असे घड्याळ बांधल्याचे आमच्या ऐकिवात नाही. (नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आमच्या वैनगंगेला येऊन मिळते, तिच्या गळ्यात डबा बांधला असता तर बरे झाले असते.) गाडी सार्वजनिक पैशाची आहे, तिच्यावर नजर हवीच. पण गाडीवरची नजर हळूच माणसाच्या मानेवर येते, आणि झाडू धरणारी माणसे कोणत्या समाजाची असतात हे वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो अशाच कामगारांसाठी.

तर आम्ही यंत्र काढा असे म्हटले नाही. म्हणायचेही नव्हते. महिला मंडळाच्या बायांनी वही घेतली, चारही गल्ल्या पायी फिरल्या, घरे मोजली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारे वेगळी लिहिली. गल्लीच्या टोकाशी उभे राहून एका शाळकरी पोरीने मोबाईलवर प्रत्येक जागेचे आकडे टिपले. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून गाडीच्या मार्गाची, थांब्यांची आणि त्या गोलाच्या मापाची नोंद मागितली, सोबत एका आठवड्यात गाडी कुठे किती वेळ थांबली तेही. अर्ज करायचा तर हेच मागावे. 'गाडी येत नाही' एवढेच लिहिले तर 'येते' असे उत्तर तयारच असते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने दाखला जोडला तर ते दहा रुपयेही लागत नाहीत.

नोंदी हाती आल्या तेव्हा त्यात त्या पोराची ती वीस-वीस मिनिटे तारखेनिशी सापडली. नेमक्या त्याच दिवशी आपल्या दारातला कचरा गेला होता, असे अकरा घरांनी सही-अंगठ्यानिशी लिहून दिले. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, मग बोलणे लांबले नाही. गल्ल्या मार्गात आल्या, गोल लहान झाला, आणि कडुनिंबाखालचा वीस मिनिटांचा थांबा मंजूर म्हणून यंत्रात नोंदला गेला. आत फिरायला एक ढकलगाडी मिळाली. तिचे एक चाक पहिल्याच महिन्यात निखळले, ते आमच्यातल्या वेल्डरने बसवून दिले. कापलेल्या तीन दिवसांच्या मजुरीपैकी दोन दिवसांची परत मिळाली. तिसऱ्या दिवसाबद्दल ठेकेदाराचा माणूस अजून बघू म्हणतो.

ढीग आता नाही. ओल्या-सुक्याचा घोळ अजून आहे आणि तो आमचाच आहे, कारण दोन डबे ठेवायला ओट्यावर जागा नाही ही सबब आम्हीही पुष्कळ दिवस सांगितली. शेवटी एक डबा खिळ्याला टांगला.

नाल्यापलीकडे आणखी एक वस्ती आहे, भटक्या समाजाची, पंधरा-वीस झोपड्यांची. तिच्याजवळून गाडीची रेघसुद्धा जात नाही. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर वही घेऊन तिकडे जायचे ठरले आहे. तो पोरगाही येतो म्हणाला आहे, त्या दिवशी त्याला सुटी असते.