तलावांच्या गावात नळ आला

रायपूरच्या उत्तरेला लागूनच बीरगांव आहे. उरल्याच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेली ही वस्ती आता स्वतंत्र महानगरपालिका झाली आहे. इथे पाणी म्हटले की नळ, बोअरिंग नाहीतर टँकर आठवतो. पण सात-आठ किलोमीटरवरच्या जुन्या रायपुरात गेले, की वेगळीच गोष्ट कळते.

छत्तीसगढात गावाच्या श्रीमंतीची मोजदाद तलावांवरून होत असे. 'छै आगर छै कोरी' म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तलाव! रायपूरचा बूढा तलाव, तेलीबांधा, कंकाली तलाव, दूधाधारी मठाजवळचा महाराजबंध ही त्याच परंपरेतली नावे. बिंबाजी भोसल्यांच्या काळात नागपूरकरांचा अंमल इकडे आला, तेव्हाही गाव तलावांवरच जगत होते. १८७७ साली लहानगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांबरोबर इथे राहायला आला. त्याची आठवण म्हणून बूढा तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात.

पण ज्या पाण्यात गुरे धुवायची, कपडे बडवायचे, तेच घागरीत भरायचे! पटकीची साथ आली, की तलावच ती घरोघर पोचवी. नगरपालिका १८६७ सालीच झाली होती. नळयोजनेचा खर्च मात्र तिच्या आवाक्यातला नव्हता. इथे धावून आले ते शेजारच्या राजनांदगावचे राजा बलरामदास. हे वैष्णव बैरागी महंतांचे संस्थान. वडील महंत घासीदास यांनी १८७५ साली रायपूरला संग्रहालय दिले होते. मुलाने पाणी दिले. दुसऱ्याच्या गावासाठी एवढी थैली सोडणारा संस्थानिक विरळाच! खर्चाचा मोठा वाटा त्यांनी उचलला आणि १८९२ साली 'बलरामदास वॉटर वर्क्स' सुरू झाले. गावाबाहेरच्या खारून नदीचे पाणी यंत्राने उपसून नळाने गावात आले. १९०१च्या जनगणनेत रायपूरची वस्ती होती अवघी ३२ हजार.

पुढे शहर फुगले, खारून अपुरी पडली आणि महानदीवरच्या गंगरेल धरणाचे पाणी आणावे लागले. नळ घरात आल्यावर तलावाकडे पाठ फिरली, हे ओघाने आलेच. काही आटले, काही बुजवले गेले.

रायपूरला जाणाऱ्याने महादेव घाटावर खारूनचे दर्शन घ्यावे, सायंकाळी बूढा तलावाच्या काठी बसावे. रजबंधा तलाव मात्र शोधू नये. त्या जागी आता मैदान आहे आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या.