खुराड्याची कडी

जावा बेटावरील बांतेन बंदराचे नाव मिरवणाऱ्या बँटम कोंबड्या कोकणातल्या आमच्या परसात आहेत. वजन जेमतेम पाऊण किलो, त्यामुळे कुंपण सहज ओलांडतात. एकाच पंखाची लांब पिसे कापली की तोल जाऊन उड्डाण खुंटते. नखे कापावीत तसेच, दुखत नाही. नवी पिसे आली की पुन्हा कापायची. घारीसाठी वर जाळे, मुंगसासाठी अर्ध्या इंचाची जाळी, तीही फूटभर जमिनीत पुरलेली. आजीच्या हाती पैसा येतो तो या अंड्यांचाच. माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातूनच निघतो. म्हणून तिन्हीसांजेला खुराड्याची कडी मी स्वतः लावतो. तरी मनात येते, पंख कापायचे आणि राखण केली म्हणायचे, हा कुठला न्याय? आजीला विचारले तर म्हणते, "बाबू, मुंगसाक इचार!"