श्रीवर्धनची आगोट

माणगांव सोडून म्हसळ्यावरून गाडी श्रीवर्धनच्या उतारास लागली, म्हणजे समुद्र दृष्टीस पडण्यापूर्वींच त्याचा खारा वारा प्रवाशाचें स्वागत करतो. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें हें मूळ गांव. रोठा सुपारीनेंहि त्याचें नांव दूरवर पोंचविलें आहे. गेल्या वैशाखांत आम्ही तेथें आमच्या आत्याबाईंच्या घरीं चार दिवस राहून आलों. आगोट तोंडावर आली होती. अंगणांत सांडगे व आमसुलें वाळत होतीं, पडवीला झापा बांधण्याचें काम चाललें होतें, आणि जीवना बंदरांत होड्या वर ओढून घेण्याची लगबग दिसत होती.

परंतु वाडींत पाऊल टाकतांच मन चरकलें. आमच्या बालपणीं जेथें मध्यान्हींहि ऊन जमिनीस शिवत नसे, तेथें आतां मोकळें आकाश दिसत होतें. दोन पुरुष उंचीचीं पोफळीचीं नवीं झाडें उभीं होतीं, आणि त्यांतल्या एखाद-दुसऱ्यास नुकतीच पहिली पोय आली होती. वादळास पांच वर्षें उलटून गेलीं होतीं.

दि. ३ जून २०२० हा तो दिवस. आदल्या दिवशीं निर्जला एकादशी झालेली. सकाळीं द्वादशीचें पारणें. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास धडकणार, असा इशारा हवामान खात्यानें दिला होता. कोरोनाच्या साथीमुळें लोक आधींच घरोघरीं कोंडलेले. आतेभावाच्या मुलानें आम्हांस पुण्यास फोन केला, “काका, आजी घर सोडायला तयार नाहीं. शेजारच्या स्लॅबच्या घरांत जाऊं म्हणतों, तर ऐकत नाहीं. तुम्ही तरी सांगा.” आम्हीं काय सांगितलें, तें लिहितांना आजहि लाज वाटते. “अरे, दीडशें पावसाळे पाहिलेलें घर तें! त्याला काय होतंय? आणि ह्या साथींत आत्याला दुसऱ्याच्या घरीं कशाला हलवतोस?” असें आम्ही गुरुजींच्या थाटांत बोलून गेलों.

मुलगा आमच्याहून शहाणा. त्यानें वाद घातला नाहीं. देव्हाऱ्यांतले देव ताम्हणांत घेतले, वर सोंवळ्याचें वस्त्र घातलें आणि शेजारीं नेऊन ठेवले. “देव गेले, मग मी इथें कोणासाठीं बसूं?” असें म्हणत आत्याबाई काठी टेकीत मागोमाग निघाल्या. दुपारीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटरांवर गेला. माजघराचें छप्पर उडालें आणि आढें आत्याबाईंच्या खाटेवर आडवें पडलें. वाडींतल्या पोफळी मधोमध मोडल्या. गांवांत पुढें कित्येक दिवस वीज नव्हती.

आमची चूक कोठें झाली, याचा आम्हीं मागाहून पुष्कळ विचार केला. आगोटीची बेगमी आणि वादळाची बेगमी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाऊस वरून येतो; कौलें परतलीं, झापा बांधल्या, लांकूडफांटा व धान्य भरलें, म्हणजे त्याचा बंदोबस्त होतो. वादळाचा वारा एखादी खिडकी फोडून घरांत शिरतो व छप्पर आंतून वर रेटतो. त्याच वेळीं बाहेरचा वारा तें वर ओढीत असतो. शिवाय तो एकाच दिशेनें येत नाहीं. ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनीं १८४८ सालीं रूढ केला. त्याच्या मुळाशीं सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना आहे. आपल्या गोलार्धांत हें वेटोळें प्रदक्षिणेच्या उलट फिरतें. त्याच्या मध्यभागींचा ‘डोळा’ गांवावर आला कीं वारा एकाएकीं पडतो. भोळा माणूस वादळ सरलें म्हणून बाहेर येतो, आणि थोड्याच वेळांत उलट दिशेचा वारा त्यास गांठतो.

म्हणून त्या घरांत आतां आगोटीची यादी दोन भागांत असते. पहिला भाग जुनाच. दुसऱ्यांत पुढील कामें: छपराचे वासे लोखंडी पट्ट्यांनीं भिंतीशीं जखडलेले आहेत कीं नाहींत तें पाहणें, घरावर झुकलेल्या फांद्या तोडणें, जमिनीचे कागद व बँकेचीं पुस्तकें मेणकापडांत बांधणें, वीज गेली कीं पंप बंद पडतो, म्हणून प्यावयाचें पाणी भरणें, पोहे, गूळ, औषधें, विजेरी व सेलवर चालणारा रेडिओ जवळ ठेवणें, विजेचा मुख्य खटका व गॅस बंद करणें, गुरांचीं दावीं सोडणें, तुटलेल्या तारेस न शिवणें. सर्वांत वर मात्र कोणी कोणास घेऊन कोणाच्या घरीं जावयाचें, हें लिहिलेलें. हवामान खातें सुमारें ४८ तास आधीं सावधगिरीची सूचना व २४ तास आधीं पुढचा इशारा देतें. पहिल्यास सामान बांधावयाचें, दुसऱ्यास निघावयाचें, असा तेथला नियम.

हें शहाणपण एका घरापुरतें नव्हे. ओडिशांत ऑक्टोबर १९९९ च्या महावादळांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. त्यानंतर तेथें किनाऱ्यावर निवाऱ्याच्या पक्क्या इमारती उठल्या. ऑक्टोबर २०१३ मध्यें ‘फायलिन’ आलें, तेव्हां सुमारें दहा लाख लोकांना आधींच हलविलें आणि मृतांचा आंकडा शंभराच्या आंत राहिला. वारा तेव्हांहि प्रचंडच होता. पण लोक वेळेवर उठले.

हें उठणें सर्वांत जड जातें तें आमच्यासारख्या वयस्कांस. घरांतील तरुण वडिलांचा शब्द मोडीत नाहींत, हा आपल्या कुटुंबांचा गुण. पण त्या घटकेस तोच घातक ठरतो. म्हणून वडील मंडळींनीं आकाश निरभ्र असतांनाच सर्वांदेखत सांगून ठेवावें कीं, इशारा आल्यावर मुलांनीं उठा म्हटलें कीं आम्ही उठूं; त्या वेळीं आमचें ऐकूं नये.

निघतांना आम्हीं हें आत्याबाईंसमोर बोलून दाखविलें. त्या हंसल्या, नातसुनेस हांक मारली आणि यादीच्या अखेरीस एक ओळ घालावयास सांगितली: ‘पुण्यास विचारूं नये.’