न जळलेला शेजार

फाल्गुन सरत आला की किनवट-माहूरच्या डोंगरांत सागाची पानं ढिगानं उतरतात. पाऊल ठेवावं तर पापडासारखी मोडतात. मोह टपकू लागलेला असतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतं, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून कुणी काडी ओढतं, आणि ती आग झाडाच्या घेरात थांबत नाही. रात्री डोंगरावर सरकणारी वणव्याची तांबडी ओळ लांबच्या गावांतूनही दिसते. सकाळी उरते ती काळी, ऊन पिणारी जमीन.

या जमिनीवर संसार पुन्हा सुरू करणाऱ्या पहिल्या जिवांत मुंगी असते. राख निवते न निवते तोच ती बिळाच्या तोंडाशी मातीचे कण आणून टाकू लागते. ती दुरून आलेली नसते, ती तिथंच होती. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत धावत जातो आणि माती उष्णता सहजासहजी खाली जाऊ देत नाही. वरचा थर भाजून निघतो, पण चार बोटं खाली जेमतेम ऊब पोचते. राणी, अंडी, अळ्या, कोष सगळं त्याहून खोल असतं. झाडाच्या बुंध्याशी बीळ करणारा आपला काळा मुंगळा असाच तगतो.

धान्य साठवणाऱ्या मुंग्यांची तर कोठारंही शाबूत राहतात. या मुंग्यांच्या सुरुवातीच्या शास्त्रीय नोंदींपैकी एक महाराष्ट्राच्याच मातीतली आहे. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या माळावर गवताचं बी साठवणाऱ्या आणि पावसात भिजलेलं बी बाहेर आणून वाळवणाऱ्या मुंग्या पाहिल्या, आणि 1835च्या सुमारास त्यांचं वर्णन छापलं. असं पुरलेलं बी कधी कधी खायचं राहून जातं आणि रुजतं. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी झुडपांचा एक प्रदेश आहे. तिथल्या कित्येक झाडांचं बी मुंग्या जमिनीखाली नेतात, म्हणूनच ते आगीतून वाचतं. बाहेरून आलेल्या अर्जेंटिनी मुंगीनं त्या मुंग्यांना हुसकावलं, तिथं बी उघड्यावर पडून राहिलं आणि आगीनंतरची रोपं घटली. हे 1984 साली बाँड आणि स्लिंग्सबी यांनी दाखवलं. आगीनंतर रान कसं उगवेल हे मुंगी अशी आधीच ठरवून ठेवते.

पण सगळ्याच मुंग्यांना मातीचं छप्पर नसतं. काही जाती झाडांवर शेण-तंतूंची कागदी घरं बांधतात, काही वाळक्या फांदीच्या पोकळीत राहतात. स्ट्रुमिजेनिससारख्या चिमुकल्या शिकारी मुंग्यांचं सगळं आयुष्य कुजत्या पाचोळ्यातल्या बारीक किड्यांवर चालतं. पाचोळा जळाला की त्यांचं घरही जातं आणि शिकारही. म्हणून वणव्यानंतर महिन्याभरात मुंग्या दिसल्या, तेवढ्यावर रान सावरलं असं म्हणता येत नाही. आता तिथं उन्हाला सोकावलेल्या जातींचा वावर असतो, सावलीतल्या मागं राहतात. अ‍ॅलन अँडरसन यांनी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या गवताळ रानात वर्षानुवर्षं हेच अभ्यासलं. वारंवार जळणाऱ्या तुकड्यात मोकळ्या जागेच्या मुंग्या राज्य करतात, आग टळलेल्या तुकड्यात सावलीच्या. दोन्हीकडे मुंग्या असतात, पण रानं दोन असतात.

मग सावलीतली मुंगी परतते कशी? तिच्यासाठी शेजार लागतो. जवळच्या एखाद्या ओघळीत, ओलसर खोऱ्यात आग पोचलेली नसते. पावसाच्या सरी आल्या की तिथल्या घरट्यांतून पंखवाल्या राण्या उडतात. त्यांतल्या कित्येक जणी पाखरांच्या चोचीत जातात. एखादी उतरते, स्वतःचे पंख गाळते, भोक पाडून आत शिरते. अनेक जातींत पहिली कामकरी लेकरं वाढेपर्यंत ती काही खात नाही. पंखांचे निकामी झालेले स्नायू विरघळतात आणि त्यावरच तिचं आणि लेकरांचं भागतं. एवढं सोसूनही वर पाचोळा हवाच. दर उन्हाळ्यात तिथं वणवा फिरला, तर तिनं मांडलेला संसार उभा राहायच्या आत मोडतो.

किनवटला अजून असा शेजार आहे. लातूरला तो फार थोडा आहे. राज्यात सगळ्यांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूर मोडतो. ऊस तुटून गेला की मांजरा नदीकाठी पाचट पेटतं, पाठोपाठ बांधावरचं गवत पेटतं. इथं राणी उडून येणार कुठून? एखाद्या ओढ्याच्या काठावरून, न पेटवलेल्या बांधावरून, चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या औषधी वनस्पतींच्या बेटासारख्या राखलेल्या जागेवरून. हे तुकडे सातबाऱ्यावर बिनकामाचे दिसतात, पण भोवतालच्या शिवाराचं बियाणं तिथंच शिल्लक असतं.

म्हणून मनापासून मागणं आहे. मोहाखाली आग लावण्याऐवजी जाळी अंथरावी. पाचट सरीतच कुजू द्यावं. बांध पेटवल्याशिवाय भागतच नसेल, तर निदान निम्मा तरी राखावा. रोपवाटिकेतून झाडं आणून डोंगर हिरवा करता येतो. पण माती भुसभुशीत करणारी, बी पुरणारी, किडी खाणारी मुंगी कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाही. ती शेजारूनच यावी लागते, आणि तो शेजार राखणं आपल्या हातात आहे.