दोन बाटल्यांचा हिशेब

“दोनच बिअर, मॅडम. त्याही शनिवारी, गावी गेल्यावर.”

निफाडकडचा मुलगा. घरची द्राक्षबाग, नाशकात शिकायला खोलीवर राहणारा. दोन विषय राहिले म्हणून सरांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेला. मी त्याला बाटलीवरचं लेबल आठवायला सांगितलं. ६५० मिलीची स्ट्राँग, ८ टक्के. गुणाकार त्यालाच करू दिला. एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल. १० ग्रॅमचं एक माप धरलं तर दोन बाटल्यांची आठ मापं. व्हिस्कीच्या क्वार्टरमध्येसुद्धा सहाच भरतात. तो आकड्याकडे बघत राहिला. मी गप्प बसले.

हे गप्प बसणं मला उशिरा जमलं. सुरुवातीची वर्षं मी यकृतापासून आईवडिलांच्या कष्टांपर्यंत सगळं सांगत सुटायचे. मुलं “हो मॅडम” म्हणायची आणि पुन्हा यायची नाहीत. त्यांची टोचणी अजून आहे.

मग मी विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक यांची संवादपद्धत शिकले. तिच्यात एक पट्टी असते. “शून्य ते दहात, पिणं कमी करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?” तो म्हणाला, “चार.” सगळं कसब इथून पुढे. “नऊ का नाही?” विचारलं की मुलगा पिण्याची बाजू मांडू लागतो. मी विचारलं, “चार का? एक का नाही?”

बऱ्याच वेळानं तो बोलला. “रविवारी पहाटे बागेत डावणी रोगाची फवारणी असते. आण्णा हाक मारतात, माझ्याच्यानं उठवत नाही. मग ते काही न बोलता एकटेच ब्लोअर घेऊन जातात.”

हे कारण मला सुचलंच नसतं.

एवढ्या बोलण्यानं काय होतं, असं लोक विचारतात. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांबाबत हे तपासलं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ते पुरुष विद्यार्थी नव्हते, आणि समुपदेशकही डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले होते. भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांतले २६. शंभरामागे दहा जण. मला ते थोडे वाटत नाहीत.

सकाळी हात थरथरत असतील तर मात्र दोन-चार भेटींवर भागत नाही. अशाची दारू एकदम तुटली तर जिवावर बेतू शकतं. त्याला मी लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. मोबाइलमध्ये नोंद ठेवली होती. दोन शनिवार कोरे, तिसऱ्यापुढे ४ मापं. त्या चारांबद्दल मी काही बोलले नाही.

“रविवारी ब्लोअर कुणी चालवला?” एवढंच विचारलं.