लाड्यांची वही

वर्ध्यातल्या आमच्या सिंधी घरात 1947 च्या आधीच्या वस्तू म्हणाल तर मोजक्याच. एक पितळी थाळी, आजोबांची वही. बाकी सगळं डाडीच्या, म्हणजे आजीच्या, बोटांत नि गळ्यात आलं.

बोटांत हुरमुचो, आमचं सिंधी भरतकाम. गोपुरीची जाड खादी घ्यायची, तिच्यावर आडव्यातिडव्या टाक्यांचा सांगाडा घालायचा. मग दुसरा दोरा त्या टाक्यांच्या खालून-वरून गुंफत न्यायचा, सुई कापडाला न टोचता. नक्षी कापडावर नुसती टेकलेली असते. सुईत दोरा ओवून देणं हे आम्हा चुलतभावंडांचं दुपारचं काम. एक गुंफण चुकली की डाडी न बोलता सगळं उसवायची.

घरात लग्न निघालं की लाडे, म्हणजे लग्नाची गाणी, सुरू. आजोबांची वही अरबी वळणाच्या बावन्न अक्षरी लिपीत आणि आम्ही सगळे मराठी शाळेतले. मग डाडी सांगणार, आम्ही बाळबोधीत उतरवणार. आत ओढून म्हणायच्या ‘ग’ आणि ‘ब’खाली आत्या रेघ मारून ठेवायची.

बाबा सिंधचे संतगायक भगत कंवरराम यांच्याबद्दल सांगायचे ते शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं. पायात घुंगरू, अंगात लांब जामा, रात्रभर गाणं. 1 नोव्हेंबर 1939 ला रुक स्टेशनवर त्यांना गोळ्या घातल्या, इथवर आले की बाबा विषय बदलायचे. पाडव्याला लागून चेटीचंड, आमचं नवं वर्ष. कणकेचा दिवा, वेलदोडे, खडीसाखर मांडलेला बहराणो घेऊन, छेजचा नाच खेळत मंडळी पवनारला धाम नदीवर जायची. शेजारच्या काकूंकडे गोड भाताची, ताहिरीची वाटी जायची. त्यांच्याकडून श्रीखंड यायचं. या देवघेवीत आमचाच फायदा जास्त.

घर सुटल्यावर कला जपणारे आम्ही एकटेच नव्हतो. 1944 साली सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा लाटवियातले कितीतरी चित्रकार, गाणारे देश सोडून निघाले. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांतही त्यांनी आपली गाणी, आपली चित्रं चालू ठेवली. 1991 मध्ये त्यांचा देश पुन्हा स्वतंत्र झाला. जपलेलं परत न्यायला जागा होती. फाळणीत पंजाब, बंगालचाही निदान काही भाग इकडे राहिला. आमचा सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. 1967 मध्ये सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत आली, पेढे वाटले गेले, पण प्रांत नव्हताच. मग कला राहिली घरात, म्हणजे बायकांच्या माथी. पुरुष दुकानात. समाजाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ मात्र त्यांनाच.

हुरमुचो आमच्यापैकी कोणी शिकलं नाही. दोन अभ्रे उरलेत, ते कोणी वापरत नाही. वही पुतण्याच्या बायकोकडे आहे. ती हिंगणघाटची, माहेर मराठी. लग्नात आता लाडे तीच सांगते आणि बायका मागून म्हणतात. परवा साखरपुड्याला आत्याने तिला मध्येच थांबवलं. “बेटा, तो ‘ब’ आत ओढ, आत!”

“ओढते,” ती म्हणाली, “आधी तुम्ही ‘केळफुलाची भाजी’ म्हणून दाखवा.”