सांध्याची भीती

सांधा म्हणजे कमजोरी, हे माझं ठाम मत होतं. जहाज बांधायचा बोया म्हणजे पोलादी पिंप: पत्रा वाकवायचा, वेल्ड मारायचा, रंग काढायचा. मधल्या दांड्याभोवती प्लास्टिकच्या चार फाका बोल्टांनी आवळलेला बोया समोर आला, तेव्हा मी चक्क हसलो. खेळणं म्हणालो. तो आणणाऱ्या पोरांचं ऐकूनही घेतलं नाही, याची आज लाज वाटते.

पुढे तसलाच बोया एका कामासाठी सुचवला गेला आणि तो का नको, याचं टिपण माझ्याकडे आलं. आनंदाने बसलो. सांधे कुठे उघडतील ते दाखवायला आकृती काढली, जोराचे बाण मारत गेलो. जहाजाचा दोर वरच्या कडीला. कडी दांड्याला. दांड्याच्या खालच्या टोकाला साखळी, साखळी तळाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला. बाण संपले. फाकांकडे एकही वळला नव्हता. कागद बदलून पुन्हा काढले, तेच. वादळात जहाजाने कितीही हिसके दिले तरी ती ओढ दांड्यातून थेट साखळीत उतरणार. फाकांनी साखळीचं लोंबतं वजन तोलायचं आणि लाटांचे, होड्यांचे धक्के खायचे, एवढंच.

आणि माझ्या पिंपात तरी दुसरं काय होतं? तिथेही दांडा आरपार होता, मीच बसवलेला. मग अखंड पत्र्याचा एवढा अभिमान कशासाठी? वेल्डिंग मला उत्तम येत होतं, म्हणून. बोयाच्या नावाखाली मी स्वतःचा तोरा जपत होतो.

त्यानंतरचा हिशेब सोपा होता. २ मीटर व्यासाचा, १ मीटर उंचीचा बोया पूर्ण बुडाला तर साधारण ३.२ टन समुद्राचं पाणी बाजूला सारतो. पाणी लागतं-सुटतं तिथे पत्रा सर्वांत जास्त गंजतो. आत आडपडदे नसतील तर एका भोकाने सगळी तरंगशक्ती जाते. फाकांचा बोया एक अख्खी फाक निखळली तरी २.४ टनांची शाबूत ठेवतो. शिवाय आत बंद पेशींचा फोम, त्यामुळे नुसत्या भोकाने फाक पाण्याने भरत नाही.

टिपण दिलं, पण त्यात आक्षेप एकच उरला होता. स्टेनलेसचा बोल्ट साध्या पोलादाला टेकला की खाऱ्या पाण्यात साधं पोलाद झिजतं. मध्ये नायलॉनचा बुश हवाच. हा आक्षेप मात्र मी अजून मागे घेतलेला नाही.